विषय: कोथरूडच्या फ्लॅटचा हिस्सा फॉर्मवर दाखवायचा का?

ज्येष्ठ कट्टा

शनिवारी मंडळाचं फॉर्म-मदतीचं टेबल आहे, त्याच्या आत उत्तर हवंय. मागच्या वेळी जे काका-काकू अर्धा फॉर्म भरून थांबले, त्यांचंच काम. काउन्सिल टॅक्स रिडक्शनच्या (इथल्या, ब्रिटनमधल्या घरपट्टीवर कमी उत्पन्नवाल्यांना स्थानिक काउन्सिलकडून मिळणारी सवलत) फॉर्मवर 'इथे किंवा परदेशात दुसरी मालमत्ता आहे का' असा रकाना आहे. कोथरूडचा फ्लॅट काका आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्या नावावर निम्मा-निम्मा. भाऊ तिथेच राहतात, भाडं एक रुपया येत नाही. काकूंना कोणीतरी सांगितलंय की उत्पन्न नाही तर लिहूच नका. काका ७१, काकू ५९. काकांचं इथलं स्टेट पेन्शन आणि भारतातलं थोडं पेन्शन. बचत १३,२०० पौंड, भारतातली एफडी धरून. पहिला हप्ता १ एप्रिलला आहे.

फॉर्म-मदत

लिहायचा. त्यात दोन मतं नकोत. भाडं हे उत्पन्न आणि फ्लॅट हे कॅपिटल (बचत आणि मालमत्ता), दोन्हींचे रकाने वेगळे, हिशेब वेगळा. न लिहिता सवलत मिळाली आणि पुढे कळलं, तर सगळी रक्कम नव्या बिलात परत येते, वर ७० पौंडांचा दंड लागू शकतो.

पण लिहिला म्हणजे मोजला, असं नाही. पेन्शनच्या वयाचा किंवा असमर्थ नातेवाईक त्या जागेत घर म्हणून राहत असेल, तर ती जागा कॅपिटलमधून वगळतात. भाऊ नातेवाईकांत येतो, पुतण्या-भाचेही येतात. वय मात्र इथल्या स्टेट पेन्शनचं धरतात, भारतातल्या निवृत्तीचं नाही. भावाचं वय काय?

सचिव

काकांना उगाच आशा लावू नका. मागच्या वर्षी त्या नाशिकच्या प्लॉटवाल्यांनी सगळं खरं लिहिलं आणि एका ओळीत नकार आला: कॅपिटल १६,००० पौंडांच्या मर्यादेच्या वर.

फॉर्म-मदत

ताई, तो रिकामा प्लॉट होता. तिथे कोणी राहतच नव्हतं, मग वगळणार काय? शिवाय त्यांनी किमतीच्या रकान्यात शेजारच्या प्लॉटच्या जाहिरातीतला भाव लिहिला होता. नियमाप्रमाणे परदेशातली मालमत्ता तिथल्या खऱ्या बाजारभावाने धरतात, विकायला खर्च येणार असेल तर १० टक्के वजा, त्यावर तारण कर्ज असेल तर तेही वजा. यातलं काहीच मागितलं नव्हतं.

ज्येष्ठ कट्टा

भाऊ ६८. सोबत मुलगा-सून राहतात. त्याने बिघडतं का?

फॉर्म-मदत

नाही. जागेच्या एखाद्या भागात पात्र नातेवाईक राहत असला तरी पुरतं. उद्या भाऊ मुलीकडे राहायला गेले आणि मागे नुसता पुतण्या उरला, तर मात्र कळवावं लागेल, कारण ४० वर्षांचा धडधाकट पुतण्या या नियमात बसत नाही.

नकार येतो तो बहुतेक वेळा कागदांमुळे. फॉर्मवर 'तिथे कोण राहतं' असा रकानाच नसतो, 'इतर माहिती'च्या चौकटीत आपणच लिहायचं असतं. लोक ती चौकट कोरी सोडतात आणि तपासणारा नुसता 'दुसरी मालमत्ता: होय' बघतो. चौकटीत तीन वाक्यं पुरेत: हिस्सा किती, तिथे कोण राहतं आणि नातं काय, त्यांची जन्मतारीख. सोबत इंडेक्स-टू (फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भावाच्या जन्मतारखेचा पुरावा आणि त्याच पत्त्यावरचं त्यांच्या नावाचं वीजबिल. इंडेक्स-टू मराठीत असतो, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. घरच्या माणसाने केलेलं चालत नाही.

खजिनदार

भाषांतराचे पैसे मंडळ देणार नाही हे आत्ताच स्पष्ट करतो. आणि शनिवारी आपण फक्त समजावून सांगायचं. फॉर्मवर सही अर्जदाराची, पोस्टात टाकणंही त्यांचंच. मंडळाच्या नावाने काउन्सिलला पत्रं जाऊ लागली तर उद्या प्रत्येक नकाराचा जाब आपल्याला द्यावा लागेल.

फॉर्म-मदत

सहीचं मान्य आहे. पण हे टेबल तीन वर्षं आम्ही चालवतोय, काय समजावायचं ते आम्हाला ठरवू द्या.

मराठी शाळा

आमच्या पालकांमध्ये एक एकटी आई आहे, घरात ती आणि मुलगाच; मुलगा घरी राहून विद्यापीठात शिकतो. तिला घरात एकच प्रौढ असल्याची २५ टक्के सूट मिळेल की दोन प्रौढ धरतील? तिचा व्हिसा 'नो रिकोर्स'वाला (म्हणजे 'पब्लिक फंड', सरकारी मदत, घ्यायची मनाई असलेला) आहे, म्हणून ती मागायलाच घाबरते.

फॉर्म-मदत

मुलगा पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर तो मोजणीत येत नाही, म्हणजे २५ टक्के मिळतात. पूर्णवेळ म्हणजे निदान एक वर्षाचा कोर्स, वर्षाला किमान २४ आठवडे, आठवड्याला सरासरी २१ तास. विद्यापीठाकडून काउन्सिल टॅक्सचं सर्टिफिकेट घ्यायचं, ऑफर लेटर नको.

व्हिसाचं मात्र नीट समजून घ्या, इथे लोक दोन्हीकडून चुकतात. ही २५ टक्क्यांची सूट 'पब्लिक फंड' नाही, ती बिनधास्त मागावी. काउन्सिल टॅक्स रिडक्शन मात्र पब्लिक फंड आहे. त्याचा अर्ज तिने करायचा नाही, आणि कुणी 'एकाच फॉर्मवर दोन्ही टिक करा' म्हटलं तर ऐकायचं नाही. सूट मागताना स्वतंत्र फॉर्म.

सांस्कृतिक समिती

अपंगत्वाची सूट पण याच फॉर्मवर का? वेल्समधल्या कार्डिफच्या बहिणीने वेगळा नियम सांगितला.

फॉर्म-मदत

वेगळा फॉर्म. घरात व्हीलचेअरला जागा किंवा अपंग व्यक्तीसाठी दुसरं बाथरूम-किचन लागत असेल, तर बिल एक बँड (घराच्या किमतीवरून ठरलेली कराची पायरी) खाली येतं. बँड ए असेल तर एक षष्ठांश कमी. उत्पन्न विचारत नाहीत. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये रिडक्शनची योजना देशभर एकच असते. आपल्याकडे, इंग्लंडमध्ये, २०१३ पासून पेन्शनवाल्यांचे नियम तेवढे सगळीकडे सारखे, बाकीच्यांचे प्रत्येक काउन्सिल ठरवते. तिथलं इथे लावू नका.

सचिव

मूळ प्रश्नाकडे या. काका ७१, काकू ५९. त्यांचा मुलगा म्हणतो युनिव्हर्सल क्रेडिटचा (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्याचा) अर्ज करा, त्यात सगळं आपोआप होतं.

फॉर्म-मदत

आपोआप काही होत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट मिळालं तरी काउन्सिलकडे वेगळा अर्ज करावाच लागतो. वर्षानुवर्षं सवलत बुडते ती याच समजुतीने.

आणि या घरात त्याहून मोठी अडचण आहे. १५ मे २०१९ पासून जोडप्यातला एक जण पेन्शनच्या वयाखाली असेल तर नव्याने पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनवाल्यांचा भत्ता) मिळत नाही, हे खरं. पण काउन्सिल टॅक्ससाठी काकांच्या वयामुळे ते पेन्शनवाल्यांच्या योजनेत बसतात. युनिव्हर्सल क्रेडिट सुरू झालं की त्यातून बाहेर पडतात आणि आपल्या काउन्सिलच्या काम करण्याच्या वयाच्या लोकांच्या योजनेत जातात, जिथे कितीही उत्पन्न कमी असलं तरी काही वाटा भरावाच लागतो. राहत्या घराचं भाडं वगैरे भरत असतील तर युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये तरीही फायदा निघू शकतो. म्हणून दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय मुलाने बटण दाबू नये.

बचतीचा हिशेब: फ्लॅट वगळला असं धरा. पहिले १०,००० सोडून देतात. वरच्या ३,२०० वर दर ५०० ला, किंवा त्याच्या भागाला, आठवड्याला १ पौंड उत्पन्न मानतात. म्हणजे ७ पौंड. एफडीचं खरं व्याज वेगळं जोडायचं नाही, नाहीतर दोनदा मोजलं जातं. भारतातलं पेन्शन मात्र उत्पन्नात येतं, पौंडात करून. ते बदलताना बँक जे शुल्क कापते ते वजा मिळतं, तेव्हा स्टेटमेंट आणा.

खजिनदार

मग तोवर हप्ता भरायचा की नाही? काका म्हणतात अर्ज केला की थांबायचं.

फॉर्म-मदत

भरायचा. अर्जाने बिल थांबत नाही. हप्ता चुकला की सात दिवसांची रिमाइंडर येते, तीही चुकली तर वर्षाची उरलेली रक्कम एकदम मागतात. झेपत नसेल तर आजच फोन करून १० ऐवजी १२ हप्ते मागा. त्याच फोनवर अर्जाची तारीख नोंदवून घ्या, कागद नंतर देता येतात. पेन्शनवाल्यांना अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांपर्यंत सवलत मिळते, कारण द्यावं लागत नाही. म्हणजे जानेवारी-मार्चचाही काही भाग सुटेल.

नकार आलाच तर आधी काउन्सिललाच लेखी हरकत. उत्तर द्यायला त्यांना दोन महिने. मग व्हॅल्युएशन ट्रिब्युनल (काउन्सिल टॅक्सचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण), तिथेही काउन्सिलच्या उत्तरापासून दोन महिन्यांच्या आत. पाकीट तारखेसकट जपून ठेवा.

ज्येष्ठ कट्टा

कळलं. काकांना सांगते, भावाकडून वीजबिल आणि जन्मतारखेचा कागद आज फोनवर मागवा. इंडेक्स-टू त्यांच्याकडे आहे, पण १९९४ चा, वडिलांच्या नावाचा. वारस म्हणून नावं सोसायटीत लागली आहेत, चालेल?

फॉर्म-मदत

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट दोघांच्या नावावर असेल तर त्याची मागची बाजूही झेरॉक्स करा, हस्तांतराची नोंद तिथेच असते. सोबत वडिलांचा मृत्यूचा दाखला. मूळ कागद शनिवारी आणू नका.