आईचं तिकीट आणि मिलिंदची वाडी

माधवी: उत्तर इंग्लंडमध्ये मिलिंदच्या खेड्यात वादळ झालं, शुक्रवार रात्रीपासून त्याचा फोन लागत नव्हता. आज दुपारी "लाइट आली" एवढाच मेसेज. दोन दिवस जिवाला नुसता घोर. आणि अशा ठिकाणी आईला सहा महिने पाठवायचं म्हणे! तिकीट काढायच्या आधी सगळ्यांनी बोला. मागच्या वेळेसारखं नंतर नको.

नंदूकाका: इन्व्हर्टर बसवा. दिवाळीतच सांगितलं होतं.

शिरीष: ताई, "मागच्या वेळेसारखं" म्हणजे? श्रीवर्धनच्या छपराचं म्हणत असशील तर हिशोब मी टाकलेला आहे.

माधवी: छपराचा विषय मी काढलेला नाही.

सुलभाकाकू: मिलिंद, जेवलास का रे? गॅस तरी होता ना?

मिलिंद: जेवलो काकू. पाइपाचा गॅस इथे नाहीच. अंगणातल्या टाकीत तेल भरून घ्यायचं, बॉयलर त्यावर. पण तो पेटायला वीज लागते, आणि झऱ्याचं पाणी घरात चढवणारा पंपही विजेवरच. त्यामुळे घर गार, नळ कोरडे. लाकडाच्या शेगडीवर खिचडी टाकली. ताई, आमची लँडलाइन आता इंटरनेटवरून चालते, वीज गेली की तीही बंद. टॉवरची बॅटरी काही तासांत संपली. कळवणार कसं?

अदिती: मामा, पाण्याच्या विजेवर पहिल्यांदा उजळलेलं ते घर तुझ्याच बाजूला ना?

मिलिंद: हो, क्रॅगसाइड. आर्मस्ट्राँग नावाच्या उद्योगपतीचं घर, आमच्या जवळच्या रॉथबरी गावाच्या बाहेर. 1878 मध्ये तिथे पाण्याच्या विजेवर दिवा लागला, 1880 मध्ये जोसेफ स्वान या संशोधकाचे बल्ब.

शिरीष: आर्मस्ट्राँगसाहेबांकडे तेव्हा झगमगाट आणि आमच्या भावाकडे आज मेणबत्ती 😄

नंदूकाका: म्हणूनच म्हणतो, इन्व्हर्टर.

माधवी: हसा. नोव्हेंबर 2021 च्या आर्वेन वादळात उत्तर इंग्लंडमध्ये काही घरं आठवड्याहून जास्त अंधारात होती. आई 74 ची आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

सुलभाकाकू: अगं, 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनला किती दिवस वीज नव्हती? वहिनी तिथेच होत्या. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, पण वहिनी ढळल्या नाहीत.

माधवी: काकू, तिथे हाकेला माणूस होतं.

मिलिंद: इथेही आहे. सातच घरं, पण शनिवारी उजाडताच खालच्या शेतावरचे आजोबा ट्रॅक्टर आणि करवत घेऊन आले. रस्त्यावरचं झाड कापलं. त्यांच्याकडे जनरेटर आहे, मग घरोघर गरम पाण्याचे थर्मास पोचवले. वळणावरच्या जुन्या लाल टेलिफोन बूथमध्ये आता हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र ठेवलंय. ते चालवायला आम्ही सगळे शिकलोय. मला वादळाची भीती नाही ताई. इथे बस येत नाही, दुकान नाही, डॉक्टर आणि औषधं रॉथबरीला. मी गाडी घेऊन कामावर गेलो की आई दिवसभर चार भिंतींत. त्यात डिसेंबरात पावणेचारलाच अंधार. ते तिला झेपणार नाही.

माधवी: मग हिवाळ्यात कशाला बोलावतोस?

मिलिंद: मी मे म्हणालो होतो. नोव्हेंबर शिरीषदादाने ठरवला.

शिरीष: तिकीट स्वस्त होतं म्हणून! माझ्यासाठी नव्हे.

मिलिंद: मे महिन्यात कुरणांत कोकरं असतात. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड. शेतांतून पायवाटा आहेत, त्यांवरून चालायचा सगळ्यांना हक्क आहे, फक्त फाटक जसं असेल तसंच ठेवायचं. आईला चालायला आवडतं.

नंदूकाका: मे असो की नोव्हेंबर, इन्व्हर्टर हवाच.

मिलिंद: काका, पंप ओढेल एवढ्या ताकदीचा किती लागेल? पंपावरच्या माहितीच्या पट्टीचा फोटो पाठवतो.

नंदूकाका: पाठव. आत्ताच.

शिरीष: इन्शुरन्स विसरू नका. व्हिजिटर व्हिसावर गेलेलं माणूस ॲडमिट झालं तर सरकारी दराच्या दीडपट बिल येतं. प्रीमियम मी भरतो.

माधवी: हे ग्रुपवर जाहीर करायची गरज नव्हती. अर्धे माझे.

आई: सगळं वाचते आहे मी. मलाही कुणी विचारा. मे महिन्यात जाईन आणि ऑगस्टअखेर परत येईन, गणपतीला मला श्रीवर्धनला असायचं आहे. गोळ्या चार महिन्यांच्या सोबत घेते. मिलिंद, त्या आजोबांना डिंकाचे लाडू चालतील का?

मिलिंद: चालतील आई. त्यांना गोड फार आवडतं.

माधवी: ठीक आहे. मे. शिरीष, गणपतीच्या आत छप्पर झालं पाहिजे.

शिरीष: हिशोब परत टाकतो. या वेळी सगळ्यांनी बघा.