"तार तुटली तरी निरोप पोचतोच" म्हणे!

सुपारीबाग: काल वाडीच्या ग्रुपवर आलं, "अणुयुद्धात टिकावं म्हणून अमेरिकी लष्कराने इंटरनेट बांधलं, म्हणून एक तार तुटली तरी निरोप पोचतोच." खाली अंगठ्यांची रांग. शाळेतली पोरं हेच खरं धरून चालणार, म्हणून लिहितोय. १९६६ साली पेंटॅगॉनमध्ये, अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'अर्पा' संस्थेत संगणक-संशोधनाचा प्रमुख असलेल्या बॉब टेलरच्या ऑफिसशेजारी तीन टर्मिनल (दूरच्या संगणकावर टाइप करायची यंत्रं) होती, तीन वेगळ्या संगणकांची. प्रत्येकाच्या आज्ञा वेगळ्या, एकावरून दुसऱ्याशी बोलायची सोय नाही. त्या वैतागातून त्याने संगणक जोडणाऱ्या जाळ्यासाठी पैसे मागितले, तेच अर्पानेट, इंटरनेटची सुरुवात. महागडे संगणक संशोधकांना वाटून वापरता यावेत, हा हेतू. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' टाइप करायला घेतलं, 'एल' आणि 'ओ' गेले नि पलीकडचा संगणक कोसळला. यात बॉम्ब कुठे आहे?

सडेकर: दादा, अर्धंच सांगताय. पैसा संरक्षण खात्याचाच होता. आणि रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या पॉल बॅरनला का गाळलंत? हल्ला झाला तरी चालू राहील असं जाळं, हाच त्याचा विषय. १९६४ ला अहवाल छापले. निरोपाचे तुकडे करायचे, जी वाट मोकळी असेल तिने ते धाडायचे. अर्पानेट उभारणाऱ्या लॅरी रॉबर्ट्सने ते अहवाल वाचले होते.

सुपारीबाग: वाचले, म्हणून हेतू बदलला का? इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस या संगणकतज्ज्ञाने तीच युक्ती स्वतंत्रपणे काढली, त्या तुकड्यांना 'पॅकेट' हा शब्दही त्याचा. त्याच्या डोक्यात युद्ध नव्हतं.

बाणकोटखाडी: तुमचं चालू द्या. माझं डोकं फिरलं ते "निरोप पोचतोच" वाचून. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आई गावात एकटी, मी ठाण्यात, वर लॉकडाऊन. नऊ दिवस फोन नाही. दहाव्या दिवशी शेजारचा भाऊ रेंजसाठी चालत सड्यावर गेला नि तिथून बोलला, "कौलं उडाली, माड घरावर आहे, काकी बऱ्या आहेत." एवढ्यात कट.

बंदरकर: ताई, वीजच नव्हती तर टॉवर चालणार कशावर? बॅटऱ्या उतरल्या, डिझेलची गाडी पडलेल्या झाडांपलीकडे अडकली. इंटरनेटच्या इतिहासात हे रडगाणं कशाला?

बाणकोटखाडी: रडगाणं? तुमची आई होती तिथे? आणि वादळाचं सोडा. गटारासाठी जेसीबी आला की रस्त्याकडेची तार तुटते, दोन दिवस अख्खं गाव बंद. रेशनच्या मशीनवर अंगठा घेत नाही, म्हातारी माणसं पिशवी घेऊन परत जातात.

बंदरकर: शब्द चुकला, मागे घेतो. पण तार तोडतो तो जेसीबीवाला, हेही लिहा.

सडेकर: तार कुणीही तोडो, दुसरी वाट कुठाय? बॅरनने हेच मांडलं होतं, जाळ्यातल्या प्रत्येक केंद्राला तीन-चार जोडण्या असल्या तर जाळं मार खाऊनही तगतं. आपल्या गावाला एकच. एकाच वाटेने जायचं तर तुकडे करून उपयोग काय?

सुपारीबाग: बरं, बॅरनला गाळायला नको होतं. पण अर्पानेट बॉम्बसाठी नव्हतं, यावरून मी हटणार नाही. ताई, ग्रुपवर त्या वाक्याखाली तुमचे ते नऊ दिवस लिहू का?

बाणकोटखाडी: लिहा, आईचं नाव नको. आणि दुसरी तार मंडणगडकडून आणायची की खाडीपलीकडच्या श्रीवर्धनकडून, हे ग्रामसभेत कोण विचारणार तेही तिथेच ठरवा.