शनिवारी क्लबहाउसमध्ये कोणता सिनेमा?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. प्रोजेक्टर दुरुस्त होऊन आला आहे. शनिवारी क्लबहाउसमध्ये सिनेमा लावू म्हणतोय. नावं सुचवा. कृपया विषय सोडून मेसेज टाकू नयेत.

बी-१०४: लिफ्टमधला पंखा कालपासून बंद आहे.

सेक्रेटरी: काका, विषय.

ए-२०२: सी-३०१ मावशींना विचारा. आत्ताच फिल्म फेस्टिवल करून आल्यात. स्टेटसला नुसते रांगांचे फोटो.

डी-५०१: हो ताई, काय काय बघितलंत? पाच-सहा चांगल्या सिनेमांची नावं टाका ना.

सी-३०१: टाकते गं, पण शनिवारी उपयोग नाही. तिथले बरेच सिनेमे वितरक मिळेपर्यंत कुठेच दिसत नाहीत. आणि खरं सांगू का, दिवसाला चार-चार बघितले की तिसऱ्याला डोळा लागतोच. कबूल कोणी करत नाही. फेस्टिवलहून आलेला माणूस एखादा सिनेमा ‘फार संथ’ म्हणाला की तो दिवसातला कितवा होता ते आधी विचारायचं.

बी-१०४: पेपरात येतं की, अमक्या सिनेमाला दहा मिनिटं उभं राहून टाळ्या. तसला एखादा मागवा.

सी-३०१: अहो काका, त्या टाळ्यांवर जाऊ नका. फ्रान्समधल्या कान फेस्टिवलला सिनेमा संपला की कॅमेरा दिग्दर्शक आणि नटांच्या चेहऱ्यावर जातो आणि तेच चेहरे हॉलमधल्या पडद्यावर दिसतात. समोर माणूस डोळे पुसतोय, आपण खाली बसायचं कसं? त्यापेक्षा पुरस्कार बरे. ज्युरीने निदान सगळे सिनेमे पाहिलेले असतात. २०२४ ला पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला तिथे ग्राँ प्री, म्हणजे दुसऱ्या नंबरचं बक्षीस मिळालं. मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पुन्हा जायला ३० वर्षं लागली होती. आणि २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला आपला मराठी ‘साबर बोंडं’ जागतिक विभागात पहिला आला. दोन्ही बघा, पण एकेकटे बघा. क्लबहाउसमध्ये मुलं पळत असताना नको.

ए-२०२: पायल कपाडियाचा पाहिलाय मी. दीडपट स्पीडवर. चांगला आहे.

सी-३०१: दीडपट?

ए-२०२: सगळेच तसे बघतो मावशी. वेळ वाचतो. संवाद कळतात.

सी-३०१: संवाद कळतात रे. जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘तोक्यो स्टोरी’ बघ, १९५३ चा. म्हातारे आईवडील मुलांना भेटायला शहरात येतात, मुलांना वेळ नाही. गोष्ट एवढीच. शेवटी आई गेलेली असते आणि म्हातारा घरात एकटा बसलेला असतो, हातात पंखा. खिडकीशी शेजारीण येते. तो म्हणतो, आता एकट्याला दिवस फार मोठे वाटतील. मग ती जाते, तो बसून राहतो. आता हे दीडपट कर. त्याचा दिवस तूच छोटा करून टाकलास की.

डी-५०१: 👏

ए-२०२: ओके, तो नॉर्मल स्पीडवर बघतो. पण जुने सिनेमे आधीच फास्ट असतात ना? मूकपटात सगळे तुरुतुरु पळत असतात.

सी-३०१: ते नंतर झालं. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम, म्हणजे चित्रं. काही विनोदी नट मुद्दाम आणखी हळू फिरवून घ्यायचे, म्हणजे पडद्यावर पळापळ वाढते. पुढे बोलपट आले. आवाजाला एकच पक्का वेग लागतो, म्हणून २४ फ्रेम ठरल्या. मग जुन्या फिल्मही सरसकट २४ ने चालवल्या आणि रडणारी माणसंसुद्धा उड्या मारायला लागली.

डी-५०१: ताई, मागच्या वेळी इथे लावलेल्या सिनेमात तर सगळे जाडे दिसत होते. तेही त्यामुळेच?

सी-३०१: नाही, ते रिमोटचं काम. जुन्या सिनेमाची चौकट जवळपास चौकोनी असते, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आपला पडदा १.७८. कोणीतरी ‘फुल’ दाबलं की हिरॉइन आडवी ३० टक्के वाढली.

बी-१०४: नाहीतर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. अर्धा पडदा वाया.

सी-३०१: येऊ देत काका. पट्ट्या बघायला थोडेच बसतोय?

सेक्रेटरी: नाव ठरवा मंडळी. अजून एकही नाव आलेलं नाही.

डी-५०१: ‘पथेर पांचाली’ चालेल? मी मोबाईलवर अर्धा बघून सोडला होता. सगळं राखाडी, खरखर.

सी-३०१: प्रत कुठली होती? क्लासिक बघताना मी पहिला प्रश्न हाच विचारते. ‘पथेर पांचाली’ धरून सत्यजित राय यांच्या तीन ‘अपू’ सिनेमांच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या. फेकून द्यायच्या लायकीचे तुकडे, पण कोणीतरी ते जपून ठेवले. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ठिसूळ पट्ट्यांना ओल देऊन मऊ केलं, वितळून चिकटलेला टेप-गोंद काढला, कडेची भोकं हाताने पुन्हा घडवली. जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे दुसऱ्या चांगल्या प्रती वापरल्या. २०१५ ला ते पुन्हा पडद्यावर आले. त्या प्रतीत काशफुलांतून आगगाडी बघायला पळणारी पोरं बघ. राखाडी म्हणणार नाहीस.

जर्मन मूकपट, फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’चंही तेच, १९२७ चा. प्रीमियरनंतर कापून आखूड केला. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सला एक लांब प्रत सापडली, ओरखड्यांनी भरलेली. त्यातून सुमारे २५ मिनिटं परत आली. तोवर कितीजणांनी ‘गोष्ट नीट लागत नाही’ म्हणून नावं ठेवली असतील.

बी-१०४: माहिती छान आहे. पण शनिवारी लहान मुलं असणार. आगीत होरपळलेलं काही नको.

सी-३०१: मग मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन, त्याचा ‘शेरलॉक ज्युनिअर’ लावू. १९२४ चा, साधारण ४५ मिनिटांचा. थिएटरातला प्रोजेक्टर चालवणारा झोपतो आणि स्वप्नात सरळ पडद्यात शिरतो. आत मागचं दृश्य सारखं बदलत राहतं. बाकावर बसायला जातो तर बाक गायब, तो रस्त्यात आपटतो. समुद्रात सूर मारतो तर डोकं बर्फात. कॉम्प्युटर नाही, नुसतं मोजमाप करून त्याच जागी उभं राहणं. रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखाली तो पडतो, ते पडणंही खरं. मानेचं हाड मोडलं होतं, आणि कळलं काही वर्षांनी, एक्स-रेत.

ए-२०२: 😳 हे मी नॉर्मल स्पीडवर बघणार.

डी-५०१: मूकपट? मुलं बसतील?

सी-३०१: मुलंच बसतील, बाकीच्यांची खात्री नाही. फक्त प्रत नीट घेऊ. सिनेमा जुना असला तरी नव्या प्रतींवरचं संगीत नवं असतं, त्याचे हक्क वेगळे. ते मी बघते.

डी-५०१: आणि मधल्या पाट्या इंग्लिशमध्ये असणार ना? माझ्या धाकटीला वाचता येत नाही अजून.

सी-३०१: कोणीतरी मराठीत मोठ्याने सांगायचं. जपानमध्ये मूकपटांच्या वेळी पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी असायचे. नटांपेक्षा त्यांच्या नावावर लोक यायचे.

बी-१०४: ते काम मला द्या. माझा आवाज पोचतो.

सेक्रेटरी: काका, तो डी विंगपर्यंत पोचतो. शनिवारी सात वाजता. रिमोट सी-३०१ कडे राहील.