रेडिओहेड: ‘किड ए’पाशी धागा खरोखर तुटतो का?

मंद्रसप्तक (प्रश्न)

रेडिओहेड या इंग्लिश बँडचे ‘द बेंड्स’ (१९९५) आणि ‘ओके कॉम्प्युटर’ (१९९७) हे दोन अल्बम मी अनेक वर्षे मनापासून ऐकत आलो आहे. त्यानंतर २००० साली आलेल्या ‘किड ए’पाशी मात्र दर वेळी अडखळायला होते. तीन गिटारींवर उभा असलेला हा बँड अचानक सिंथेसायझर, यांत्रिक ठोके आणि ओळखू न येणारा गायकाचा आवाज यांच्याकडे का वळला, हे उमगत नाही. प्रसिद्धीचा कंटाळा आला म्हणून, असे उत्तर बऱ्याचदा मिळते. परंतु केवळ कंटाळ्यातून इतके ताकदीचे संगीत जन्माला येईल, असे वाटत नाही. आधीच्या आणि नंतरच्या संगीताला जोडणारे काही असेल, तर ते कोणत्या गाण्यांत ऐकू येते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाऊलवाट

धागा आहे, आणि तो आपल्या आवडत्या ‘ओके कॉम्प्युटर’च्या पहिल्याच गाण्यात सापडतो. ‘एअरबॅग’मधील ड्रम लक्ष देऊन ऐकावेत. फिलिप सेल्वे यांच्या वादनाचा काही सेकंदांचा तुकडा संगणकावर घेऊन, त्याची काटछाट करून ते आवर्तन बांधलेले आहे, आणि त्यामागे ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून संगीत रचणारे अमेरिकी संगीतकार डीजे शॅडो यांच्या कामाची प्रेरणा होती. गिटार-संगीताचा कळस मानल्या जाणाऱ्या अल्बमची सुरुवातच अशी होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

त्याहून मागे जाऊ. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील एकाच शाळेतल्या पाच मुलांनी १९८५ साली हा बँड सुरू केला. त्यांना जगभर नेणाऱ्या १९९२ च्या ‘क्रीप’मध्येही सर्वांत लक्षात राहतो तो ध्रुवपदाच्या आधी जॉनी ग्रीनवुड यांनी गिटारीवर ओढलेला करकरीत फटकारा. तेथे सुरावटीपेक्षा नादाचा पोत महत्त्वाचा आहे, आणि पुढे ‘किड ए’मध्ये हीच ओढ मुख्य झाली. ‘इडिओटेक’ची जन्मकथा या दृष्टीने पाहावी: ग्रीनवुड यांनी सिंथेसायझरवर बराच वेळ प्रयोग करून ते ध्वनिमुद्रित केले, आणि बँडचे गायक थॉम यॉर्क यांनी त्यातला एक मिनिटाहूनही लहान तुकडा निवडून त्यावर गाणे रचले. त्या तुकड्यात पॉल लान्स्की यांच्या १९७३ सालच्या, संगणकावर रचलेल्या कृतीतील चार स्वरमेळ आहेत.

आपण ‘हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली’पासून सुरुवात करावी, असे सुचवतो. त्यात साधी गिटार आहे, तंतुवाद्यांचा मेळ आहे आणि ऑन्द मार्तनो हे १९२८ मध्ये प्रथम सादर झालेले फ्रेंच विद्युत वाद्य आहे. बोटात अडकवलेली अंगठी तारेबरोबर सरकवून ते वाजवतात, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना जी सलगता येते, ती मींड ऐकण्याची सवय असलेल्या कानाला लगेच जवळची वाटते. ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ त्यानंतर ऐकावे. त्याचे आवर्तन दहा मात्रांचे असले, तरी ते झपतालाच्या खंडांत बसवण्याचा प्रयत्न करू नये; त्याचा तोल निराळा आहे.

कातळशिल्प

वरील प्रतिसादातील तपशील मान्य आहेत, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला जरा जास्त सरळ वाटतो. ही तुटातूट बँडमधल्या माणसांनीच अनुभवली होती. ‘ओके कॉम्प्युटर’नंतरच्या दीर्घ दौऱ्याने यॉर्क इतके थकले होते की त्यांना लिहिणे जमेनासे झाले होते, आणि एड ओब्रायन यांना तर पुन्हा छोटी, सुरेल गिटारगीते करावीत असे वाटत होते. गिटारवादकाने गिटार बाजूला ठेवून स्वतःला नवे काम शोधणे, ही सोपी गोष्ट नाही. त्या सत्रांतून ‘किड ए’ आणि २००१ चा ‘अ‍ॅम्नेसिअ‍ॅक’ असे दोन अल्बम निघाले. पहिल्यातून एकही गाणे सिंगल म्हणून स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले नाही, तरी तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

नंतरचा प्रवासही सरळ रेषेत नाही. २००३ चा ‘हेल टू द थीफ’ मला पसरट वाटतो; त्यातली चौदापैकी चार गाणी गाळायला हवी होती. २०११ चा ‘द किंग ऑफ लिम्ब्स’ ध्वनिमुद्रणांच्या तुकड्यांची आवर्तने रचून केलेला आहे आणि अल्बमवर तो कोरडा भासतो. मात्र मंचावर सेल्वे यांच्या जोडीला क्लाइव्ह डीमर हे दुसरे ड्रमवादक आल्यावर त्याच गाण्यांत प्राण आला. यंत्रातून माणसाकडे परतण्याची ही वाट मला ‘किड ए’हूनही अधिक मोलाची वाटते.

मंद्रसप्तक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. असे एखादे गाणे आहे का, जे या दोन्ही काळांत आढळते? तुलना करणे त्यामुळे सोपे जाईल.

पाऊलवाट

अशी दोन गाणी निश्चितपणे सांगता येतील. ‘न्यूड’ १९९८ च्या दौऱ्यात गायले जात होते, पण अल्बमवर आले ते थेट २००७ मध्ये, ‘इन रेनबोज’वर, हाच तो अल्बम, ज्याची किंमत डाउनलोड करणाऱ्यांनी स्वतः ठरवायची होती. ‘ट्रू लव्ह वेट्स’ तर यॉर्क १९९५ पासून गिटारीवर गात होते. त्याचे मंचावरील ध्वनिमुद्रण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि स्टुडिओतील रूप २०१६ च्या ‘अ मून शेप्ड पूल’च्या शेवटी पियानोवर आले. गिटारीवर ते आर्जव वाटते. पियानोच्या एकमेकांवर चढत जाणाऱ्या, किंचित निसटत्या थरांत तेच शब्द दुरावल्यानंतरचे वाटतात. कातळशिल्प म्हणतात तसा प्रवास नागमोडी आहे, हे खरेच. परंतु गाण्याला त्याचा नाद सापडेपर्यंत वीस वर्षे थांबणारी ही माणसे आहेत.

आपल्याकडचा एक दुवाही सांगतो. ग्रीनवुड यांनी इस्रायली संगीतकार शाय बेन झुर आणि राजस्थानी वादकांबरोबर जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात ‘जुनून’ (२०१५) हा अल्बम केला, आणि ध्वनिमुद्रण रेडिओहेडचेच निर्माते नायजेल गॉडरिच यांनी केले. त्यात ग्रीनवुड बहुतेक वेळ मागे राहून साथ करतात, आणि कव्वालीचे गायन व पितळी वाद्यांचा गजर पुढे असतो. आपण प्रथम ‘ट्रू लव्ह वेट्स’ची दोन्ही रूपे लागोपाठ ऐकावीत आणि काय जाणवले ते येथे अवश्य लिहावे.