एमसीपी२२१० वरून टीएफटीवर चित्र पाठवायला पाच सेकंद का लागतात?

मागवाला, इचलकरंजी
नमस्कार मंडळी. यंत्रमागाच्या शेडमध्ये कापडाचे मीटर दाखवायला टीएफटी (छोटा रंगीत पडदा) लावतोय, तो चालवणारी कंट्रोलर चिप आयएलआय९३४१. पीसीला एमसीपी२२१० (यूएसबीवरून एसपीआय, म्हणजे चिपांमधल्या तारांवर डेटा पाठवणारी चिप) जोडलंय, कोड पायथनमध्ये. रंग नीट येतात, पण २४० बाय ३२० चा पडदा वरून खाली भरायला पाच सेकंदांच्या वर जातात. एसपीआय क्लॉक १२ मेगाहर्ट्झ ठेवलाय, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात काम व्हायला हवं. यूएसबी ३ च्या पोर्टात लावूनही तेच. केबल बदलू की चिप?

तांबडी_तार
केबल ठीक आहे. अडतंय ते यूएसबीच्या बाजूला.

एमसीपी२२१० पीसीला एचआयडी म्हणून दिसते, कीबोर्ड-माउससारखी. ६४ बाइटचा एक रिपोर्ट (डेटाचं पाकीट), त्यात तुमचा डेटा जास्तीत जास्त ६० बाइट. तुमचा पडदा दर ठिपक्याला दोन बाइट धरून १,५३,६०० बाइटचा, म्हणजे २,५६० रिपोर्ट. प्रत्येकाला चिपचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. जायला एक मिलिसेकंद, यायला एक. झाले की पाच सेकंद! चिप 'फुल-स्पीड'ची, म्हणजे यूएसबीच्या जुन्या, संथ वेगाची आहे, त्यामुळे पोर्ट कितीही वेगवान असला तरी उपयोग नाही. ड्रायव्हरची कटकट नको आणि सेन्सरचे चार बाइट वाचायचेत, तिथे मी आजही हीच वापरतो. चित्रासाठी मात्र एफटी२३२एच ही यूएसबी-एसपीआय चिप घ्या.

मागवाला, इचलकरंजी
धन्यवाद दादा! तिच्यात डी/सी पिन (येणारा बाइट डेटा की आज्ञा हे पडद्याला सांगणारी) कशी हलवायची? आणि टच वाचायला पुन्हा हाच उशीर होईल का?

तांबडी_तार
तिच्यातलं एमपीएसएसई इंजिन (एसपीआयची कामं करणारा भाग) आज्ञा आणि डेटा एकाच ओळीत घेतं, त्यामुळे पिन हलवायला वेगळी फेरी लागत नाही. चिपच्या एडीबस पिनांपैकी ० क्लॉक, १ मोसी (डेटा बाहेर), २ मिसो (डेटा आत), ३ सीएस (पडदा निवडणारी, खाली असली की तो ऐकतो). डी/सी ४ वर घ्या. पुढचे आकडे हेक्समध्ये वाचा:

८ए, मग ८६ ०२ ०० : क्लॉक १० मेगाहर्ट्झ
८० ०० १बी : सीएस खाली, डी/सी खाली
११ ०० ०० २सी : पडद्याला 'आता चित्र घे' ही आज्ञा
८० १० १बी : डी/सी वर
११ एफएफ एफएफ : पाठोपाठ ६५,५३६ बाइट

लांबी नेहमी एकाने कमी लिहायची, खालचा बाइट आधी. असे दोन पूर्ण तुकडे आणि तिसरा २२,५२८ चा, म्हणून तिथे ११ एफएफ ५७. शेवटी ८० १८ १बी ने सीएस वर. १० च्या वर जाऊ नका. आयएलआय९३४१ च्या डेटाशीटमध्ये लिहिण्याची किमान सायकल १०० नॅनोसेकंद दिली आहे. तरी पडदा साधारण १२५ मिलिसेकंदांत भरेल.

टच वाचताना आज्ञांच्या शेवटी ८७ ('आहे ते लगेच पाठव') जोडा. नाहीतर ते तीन-चार बाइट चिप लेटन्सी टायमर (थोडा डेटा रोखून धरण्याची मुदत) संपेपर्यंत धरून ठेवते, आणि तो मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो.

ओम_चा_नियम
एक भर घालतो. शेडमध्ये मोटरी आहेत, तेव्हा क्लॉकची वायर वीतभरापेक्षा लांब नको आणि तिच्याशी ग्राउंडची वायर पिळून घ्या. विंडोज असेल तर पायएफटीडीआय (ही चिप पायथनमधून चालवणारी लायब्ररी) चालवण्याआधी झाडिग या टूलने ड्रायव्हर बदलावा लागेल.