जर्मन रणगाडा-बटालियनची रचना समजून घ्यायची आहे, सुरुवात कुठून करावी?

वाटसरू यांची विचारणा :
नमस्कार. नोकरीनिमित्त मी दोन वर्षांपासून हॅनोव्हरला राहतो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्यांविषयी मी पुष्कळ वाचले आहे, परंतु ते बहुतेक लढायांचे वर्णन होते. एका बटालियनमध्ये नेमके किती रणगाडे असत, या साध्या प्रश्नाला एके ठिकाणी ४५, दुसरीकडे ९६ आणि तिसरीकडे जेमतेम १५ असे उत्तर मिळते. त्यातच काही लेखक ‘बटालियन’ म्हणतात, तर काही ‘आबटायलुंग’. पुढील महिन्यात चार दिवसांची सुट्टी आहे. काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने वाचावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे. कामापुरती जर्मन मला येते.

जुनाघोडेस्वार :
आधी शब्दांचा गुंता सोडवा, म्हणजे निम्मे काम होईल. वेरमाख्टमध्ये, म्हणजे त्या काळच्या जर्मन सैन्यात, पायदळाच्या तुकडीला ‘बाटायलोन’ म्हणत, तर घोडदळ, तोफखाना आणि रणगाडा-दलात त्याच पातळीच्या तुकडीला ‘आबटायलुंग’ हे नाव होते. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये सामान्यतः अशा दोन आबटायलुंग असत. आपल्याकडचा वाचक येथेच फसतो, कारण भारतीय सैन्यातील पूना हॉर्ससारखी चिलखती रेजिमेंट ही आकाराने बटालियनच असते : प्रत्येकी १४ रणगाड्यांच्या तीन स्क्वाड्रन आणि मुख्यालयाचे ३, असे एकूण ४५. गंमत म्हणजे मार्च १९४३ च्या तक्त्यानुसार टायगर रणगाड्यांच्या ‘जड’ बटालियनचा हिशेबही अगदी हाच होता. पँथरच्या बटालियनमध्ये मात्र २२ रणगाड्यांच्या चार कंपन्या आणि मुख्यालयाचे ८ धरून ९६ होत. म्हणजे तुम्हाला मिळालेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या बटालियनचे आहेत.

राहिला १५ चा प्रश्न. तो बहुधा त्या दिवशी चालू स्थितीत असलेल्या रणगाड्यांचा आकडा असावा. मंजूर संख्या ज्या अधिकृत तक्त्यांत असे, त्यांना संक्षेपाने ‘काश्टेएन’ म्हणतात. प्रत्येक प्रकारच्या कंपनीसाठी वेगळा क्रमांकित तक्ता असे आणि त्यात माणसे, वाहने व शस्त्रे मोजून दिलेली असत. हे तक्ते वारंवार बदलत असल्यामुळे तारीख न पाहता आकडा उचलू नये. माझा आग्रह असा की, वाचन येथूनच सुरू करावे. सेनापतींच्या आठवणी नंतर वाचल्या तरी चालतील, कारण त्यांत स्वतःची बाजू मांडण्याचा भाग मोठा असतो.

चिलखत :
हॅनोव्हरला राहता, तर मुन्स्टरचे रणगाडा संग्रहालय चुकवू नका. मात्र तिकीट काढताना जपा : हे लुनेबुर्ग हीथमधील छोटे मुन्स्टर आहे, वेस्टफालियातील म्युन्स्टर शहर नव्हे.

तेथे रणगाड्यांच्या फिरत्या बुरुजांवरचे आकडे वाचायला शिका. पहिला अंक कंपनीचा, दुसरा ‘झुग’चा म्हणजे कंपनीतील छोट्या तुकडीचा आणि तिसरा वाहनाचा. इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात ‘१३१’ हा प्रसिद्ध टायगर आहे. तो ५०४ व्या जड बटालियनचा असून एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला. पहिली कंपनी, तिसरा झुग, पहिले वाहन, म्हणजे झुगप्रमुखाचा रणगाडा, एवढी माहिती त्या तीन अंकांत मिळते. या पद्धतीला अपवाद मात्र आहेत.

रणगाड्यांपेक्षा त्यांना ओढून नेणाऱ्या वाहनांपाशी अधिक वेळ थांबावे, असे मी सुचवेन. चिखलात अडकलेला सुमारे ५७ टनांचा टायगर बाहेर काढायला अनेकदा १८ टन ओढक्षमतेची तीन अर्धसाखळी (पुढे चाके, मागे साखळीपट्टे असलेली) वाहने एकापुढे एक जोडावी लागत. जड बटालियनला स्वतःची दुरुस्ती-कंपनी का दिली होती आणि ४५ चे १५ कसे होत, हे तेथे आपोआप कळते.

दप्तरखाना :
मुन्स्टरनंतर उरलेले दिवस फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागाराला द्यावेत, परंतु अगोदर पत्रव्यवहार करूनच जावे. पान्झर (म्हणजे रणगाडा) डिव्हिजनांची कागदपत्रे ‘आरएच २७’ या गटात, तर रणगाडा-दलाच्या महानिरीक्षकांकडची (या पदावर मार्च १९४३ पासून गुडेरियान होते) ‘आरएच १०’ मध्ये आहेत. सर्व काही वाचण्याचा मोह टाळून एकच बटालियन निवडावी. मी ५०२ वी सुचवतो. मे १९४२ मध्ये उभारलेल्या या बटालियनने ऑगस्टअखेर लेनिनग्राडजवळ टायगर प्रथमच लढाईत उतरवले, तेही केवळ चार. शत्रूचे किती रणगाडे फोडले याचे दावे मात्र समोरच्या सैन्याच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय मानू नयेत.

वाटसरू :
सर्वांचे मनापासून आभार. आजच्या जर्मन सैन्यात ‘आबटायलुंग’ हे नाव रणगाड्यांसाठी उरले आहे का?

जुनाघोडेस्वार :
नाही. १९५६ पासून तेथे ‘पान्झरबाटायलोन’ हेच नाव आहे, आणि सध्याच्या बटालियनमध्ये साधारण ४४ लेपर्ड-२ असतात. त्यांचे क्रमांकही वाचता येतात. ३९३ म्हणजे मूळची ३९ व्या ब्रिगेडची, १०४ म्हणजे १० व्या ब्रिगेडची. शेवटचा अंक ३ किंवा ४ असला की रणगाडे, १ किंवा २ असला की सामान्यतः चिलखती पायदळ आणि ५ असला की तोफखाना. ब्रिगेडी मोडल्या किंवा बदलल्या तरी बटालियनचे क्रमांक टिकून राहिले, त्यामुळे आजची ब्रिगेड क्रमांकावरून ओळखायला जाऊ नका. तुमच्या जवळची ४१४ वी लोहहाइडे येथे आहे आणि तिच्यातील एक कंपनी चक्क डच सैनिकांची आहे.