शाहेद पाडायला पेट्रियट? हिशेब नेमका कसा लावायचा

आरंभशूर:
रशिया युक्रेनवर सोडतो तो २०-५० हजार डॉलरचा शाहेद (इराणी घडणीचा आत्मघाती ड्रोन) पाडायला ४० लाख डॉलरचं अमेरिकी पेट्रियट क्षेपणास्त्र, म्हणून युक्रेनचं दिवाळं निघणार, असं जो तो लिहितो. खरंच असं चालतं का? आणि ताशी १८० किमीने येणारं यंत्र पाडणं इतकं जड का जातं?

कानामात्रा:
पेट्रियट शक्यतो बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी राखून ठेवतात. शाहेदच्या वाट्याला गेपार्ड या विमानविरोधी चिलखती गाडीच्या ३५ मिमी जोडतोफा, पिकअपवरच्या मशीनगन आणि जॅमर (वाट दाखवणारे उपग्रहाचे सिग्नल दाबणारी यंत्रं).

अडचण वेगाची नाही, दिसण्याची आहे. रडारचा अँटेना १० मीटरवर आणि ड्रोन ५० मीटरवर असेल, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे तो साधारण ४२ किमीवर आल्यावरच दिसतो. मिनिटाला ३ किमी, म्हणजे हातात १४ मिनिटं. मध्ये टेकडी आली तर तीही नाहीत. म्हणून युक्रेनने खांबांवर मायक्रोफोन लावले: सुमारे १० हजार, एकेक ४००-५०० डॉलरचा. ५० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन लपत नाही. तिकडे त्याला ‘मोपेड’च म्हणतात, आपण लुना म्हटलं असतं.

धूमकेतू:
एक भर. मशीनगन चुकवायला रशिया आता बरेचसे २ किमीच्या वरून उडवतो. रडारला लवकर दिसतात, पण गोळ्या पोचत नाहीत. तिथे इंटरसेप्टर, म्हणजे ड्रोनला गाठून पाडणारे ड्रोन लागतात. त्यातला युक्रेनचा ‘स्टिंग’ ताशी ३०० किमीच्या आसपास जातो, किंमत काही हजार डॉलर. गफलत होते पाठलागात: ३०० उणे १८०, म्हणजे मिनिटाला २ किमीच अंतर तुटतं. १० किमी मागून सोडला तर ५ मिनिटं नुसती गाठण्यात जातात, चढाईत बॅटरी संपते ती वेगळीच. म्हणून तुकड्या त्याच्या वाटेवर आधीच बसवतात. शाहेदच्या जेट इंजिनाच्या रशियन आवृत्तीपुढे, गेरान-३ पुढे, हे गणित कोलमडतं.

आरंभशूर:
मग जॅमिंगच का नको? स्वस्त आहे की.

कानामात्रा:
रशियाने जॅमरच्या दिशेचा सिग्नल गाळणारे ‘कोमेता’ अँटेना बसवले, ४ घटकांवरून १६ पर्यंत नेले. ४ घटक साधारण ३ दिशांचे जॅमर दाबतात, त्यामुळे दरवेळी जॅमर वाढवावे लागतात. शिवाय जॅम झालेला ड्रोन पडत नाही, भरकटतो. काही तर बेलारूसमध्ये गेले.

धूमकेतू:
आणि ‘इतके पाडले’ या आकड्यावर भुलू नका. त्यात फोम-प्लायवुडचे गेर्बेरा हे नकली ड्रोनही असतात, रडारला फसवायला सोडलेले. मे २०२५ मध्ये आपल्याकडेही ड्रोनविरुद्ध जुन्या ४० मिमी एल-७० विमानविरोधी तोफा कामी आल्या. गोळा स्वस्त, पण मारा जेमतेम ४ किमी. प्रत्येक वीजकेंद्रापाशी एक उभी करायला तेवढ्या तोफा आणि माणसं कुठून आणायची?